वाचनालयाची पाटी : प्रकल्प नोंदी

१५ एप्रिल २०२५, मंगळवार

काम आलं. गिरगावातल्या एका चाळीचं वाचनालय, तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पाटीवर एकच शब्द हवाय: वाचनालय. देणगीदारांची नावं आत संगमरवरावर आहेत, बाहेर कुणाचंही नको, असा कार्यकारिणीचा ठराव आहे म्हणे. देव भलं करो त्या कार्यकारिणीचं.

पत्रा १० बाय २ फूट, चौकट जुनीच, सागाची. अक्षरं हाताने रंगवायची. कार्यवाह काका निवृत्त मराठी शिक्षक आहेत, पंचाहत्तरीला टेकलेले. फोनवर त्यांनी तीन अटी घातल्या. पावसाआधी वर चढली पाहिजे, समोरच्या फुटपाथवरून वाचता आली पाहिजे, आणि "सुंदर झाली पाहिजे बरं का." पहिल्या दोन मोजता येतात. तिसरीचं काय करायचं? गेली सोळा वर्षं मी हा शब्द ऐकून मान डोलावते आणि घरी येऊन मला हवं ते करते. या वेळी निदान काय करते ते वहीत लिहायचं ठरवलंय.

मुंबईत पाऊस ११ जूनच्या आसपास येतो. मेअखेर काम संपवायचं, म्हणजे हाताशी दहा दिवस जास्तीचे.

१७ एप्रिल

काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना पाठवला. कार्यकारिणीतल्या एका गृहस्थांनी ओळखीच्या फ्लेक्सवाल्याकडून फुकटात करून घेतलाय. "असं काहीतरी, पण हाताने." बघितलं आणि दात आंबले.

नेमकं काय वाईट आहे ते लिहून काढायला बसले. फॉन्ट मुळात बरा आहे. पण पाटी लांब आणि शब्द आखूड, म्हणून शब्द आडवा ताणलाय. आडवं ताणलं की उभे दंड जाड होत जातात आणि शिरोरेषा आहे तेवढीच राहते. भिंती किल्ल्याच्या, छप्पर पत्र्याचं. 'व'चं पोट बसकं झालंय, ते आता कोणी वर बसल्यासारखं दिसतं. 'न'ची गाठ चपटी होऊन बुजायला आलीय.

गेल्या दोन-तीन वर्षांत अशा पाट्या गल्लोगल्ली झाल्या. २०२२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको. २०२३च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा फ्लेक्सवाल्यांची दिवाळी दिवाळीआधीच झाली. मराठी दिसायला लागली याचा मला आनंद आहे, खरंच आहे. पण कायद्याला अक्षराची उंची तेवढी मोजता येते. ती भरली की सुटलो.

एक गंमत लक्षात आली. कुरूप का आहे ते मला पाच मिनिटांत सांगता आलं, तेही मुद्देसूद. सुंदरबद्दल असं कधी लिहिता आलेलं नाही. काम करताना मी 'सुंदर' हा शब्द मनातसुद्धा वापरत नाही. माझा शब्द 'खटकतंय'. खटकतंय तिथे हात जातो. खटकायचं थांबलं की ब्रश धुते.

२० एप्रिल, रविवार

जुनी पाटी उतरवली. चाळीतली तीन पोरं, एक शिडी, आणि सल्ला द्यायला तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या. मागे कबुतराचं रिकामं घरटं निघालं. पत्र्याच्या पाठीवर गेरूने '१९६३' लिहिलंय, रंगवणाऱ्याचं नाव नाही.

निळ्यावर पांढरी अक्षरं. रंगाचे पोपडे निघतायत आणि 'ना'चा खालचा भाग गंजाने खाल्लाय. पण त्यावर वेळोवेळी इतके हात मारलेत की अक्षरांच्या कडा उठून आल्यात, डोळे मिटून बोट फिरवलं तरी 'च' लागतो. ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवला आणि मेणाचा खडू आडवा धरून घासला. अक्षरं उमटली.

मग मोजायला घेतलं. अक्षराची उंची १४ इंच. दंड सव्वादोन इंच जाड, शिरोरेषा दोनच. ही चूक नाही. आडवी रेघ उभ्या रेघेपेक्षा डोळ्याला जाड भासते, त्यामुळे ती थोडी बारीक केली तरच दोन्ही सारख्या दिसतात. म्हणजे माणूस जाणता होता.

आता दंड. 'वाचनालय' या शब्दात उभे दंड किती? मी सात धरून चालले होते, पाटीवर सहाच निघाले. कारण 'ल'. फोनवर टाइप केला की बहुधा उजवीकडे दंड असलेला 'ल' येतो. पाटीवरचा आपला शाळेत गिरवलेला आहे, दोन पाकळ्या आणि मधून वर शिरोरेषेला गेलेला आखूड देठ. त्याला दंड नाहीच. राहिले सहा: 'व'चा, त्याच्या कान्याचा, 'च'चा, 'न'चा, त्याच्या कान्याचा आणि शेवटी 'य'चा.

दोन दंडांमधली अंतरं इंचांत: सव्वापाच, तेरा, साडेबारा, पावणेपाच, सत्तावीस.

काना तर दोन्हीकडे सारखाच. मग 'वा'मध्ये सव्वापाच आणि 'ना'मध्ये पावणेपाच का? अर्धा इंच. १४ इंची अक्षरात अर्धा इंच चुकून होत नाही. रात्री काळ्या कागदाच्या सहा पट्ट्या कापून सारख्या अंतरावर भिंतीला लावून पाहिल्या. खिडकीचे गज. तेच सहा दंड या माणसाने मोजून असमान ठेवले, तेव्हा कुठे ते डोळ्याला चालीत दिसतात. झोपायला दीड वाजला.

२६ एप्रिल, शनिवार

लालबागला पेंटरमामांकडे गेले. ऐंशी ओलांडलीय, हात थरथरतो, जीभ नाही. गिरण्यांच्या फाटकांवरच्या पाट्या, खात्यांच्या दारावरची नावं, बॉयलरवरचे इशारे, सगळं त्यांनी रंगवलंय. १९८२च्या संपानंतर ते काम गेलं, मग टेम्पोच्या पाठी रंगवल्या. मी उमेदवारी करत होते तेव्हा त्यांनी मला तीन महिने फक्त शिरोरेषा मारायला लावली होती.

ट्रेसिंग पलंगावर पसरलं आणि अर्ध्या इंचाचा शोध सांगितला. 'ना'नंतर 'ल' येतो, त्याची पाकळी गोल आहे, म्हणून कान्याने थोडं आत सरकायचं. किती बारीक नजर बघा वगैरे. मामांनी ऐकून घेतलं. चहा संपवला.

"जागा कमी पडली असेल गं."

मला वाटलं थट्टा करतायत. नव्हते करत. त्या काळात बरेच जण डावीकडून खडूने अंदाजाने काढत यायचे. डावीकडे जेवढी जागा सोडली तेवढी उजवीकडे राहायला हवी. 'ना'पर्यंत आलं की कळायचं, 'ल' पसरट आहे आणि 'य' अजून बाकी आहे. मग कुणाला दाबायचं? 'ल' दाबला तर त्याचा चष्मा होतो. "कान्याला दाबायचं. काना गरीब, तो काही बोलत नाही."

घरी येऊन ट्रेसिंगवर दोन्हीकडचा समास मोजला. डावीकडे २३ इंच, उजवीकडे पावणेतेवीस. दाबूनही पाव इंच कमीच पडलाय. मामांचं खरं असणार. माझी अर्ध्या इंचाची कविता टंचाईतून आलेली निघाली.

चिडले आहे. कुणावर ते कळत नाही.

२९ एप्रिल

पूर्ण मापाचे दोन कागद केले. एकात दोन्ही काने सव्वापाचवर, दुसऱ्यात जुन्यासारखं. चाळीच्या भिंतीला वरखाली चिकटवून समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. उसाच्या रसवाल्याच्या गाडीमागे जी चार फूट जागा आहे तिथून पाटी सगळ्यात चांगली दिसते. त्याने दोनदा "ताई, थोडं बाजूला" म्हटलं.

सारख्या कान्यांचा कागद खटकतो. एक मिनिटही लागत नाही. 'ल'ची डावी पाकळी गोल असल्यामुळे तिच्या वरखाली दोन कोपरे मोकळे राहतात. अलीकडे कान्याच्या आतही मोकळंच. दोन्ही बाजूंच्या पोकळीत तो एक दंड एकटा पडतो, लग्नघरात कुणाशी ओळख नसलेल्या पाहुण्यासारखा. अर्धा इंच आत घेतला की तो 'न'चा होतो आणि पोकळी 'ल'ची होते.

म्हणजे १९६३ साली जागेअभावी दाबलेला काना जास्त बरा दिसतो. मग हे सौंदर्य कुणी केलं? हेतू तर समास सांभाळण्याचा होता.

रसवाल्याच्या मागे उभी राहून जे सुचलं ते तसंच लिहिते. त्या माणसाने खडूने काढलं, मग रस्ता ओलांडून तोही इथेच कुठेतरी उभा राहिला असणार. खडू पुसायला ओलं फडकं पुरे होतं. सगळा शब्द अर्धा इंच डावीकडे घेऊन त्याला पुन्हा काढता आला असता, समासही बसला असता. त्याने पुसलं नाही. दाबलं गरजेपोटी, पण राहू दिलं ते बघून. आणि करण्याइतकंच राहू देणंही कामच आहे. मला स्वतःला ते फार उशिरा जमायला लागलं. पहिली काही वर्षं मी सगळं दुरुस्त करून करून मारून टाकायचे.

३ मे, शनिवार

कार्यकारिणीची बैठक. पाचपैकी चार जण हजर, बटाटेवडे.

विषय पहिला, 'ल'. नमुनावाले गृहस्थ म्हणाले, मोबाइलमध्ये येतो तोच घाला, नव्या पिढीला तोच ओळखीचा. त्यांना सांगितलं की युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाइलमधल्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, दोन्ही 'ल'ना मिळून एकच क्रमांक आहे. कोणता दिसायचा ते फॉन्ट ठरवतो आणि बरेचसे फॉन्ट हिंदी वळणाचा देतात. राज्य सरकारने २००९च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीवाला 'ल' धरला होता हेही सांगितलं, कारण शासन निर्णय म्हटलं की बैठकीत शांतता होते. माझं खरं कारण वेगळं होतं. सहा दंडांच्या रांगेत तेवढीच एक जागा आहे जिथे नजर टेकते. तिथे सातवा दंड उभा केला की झाला कठडा. हे बोलून दाखवलं असतं तर वडे थंड झाले असते.

विषय दुसरा. 'व'च्या पोटाचं उघडं पुस्तक करता येईल का? लोगोसारखं. सगळ्यांचे डोळे चमकले. काकांनी उदाहरणही दिलं: नाटकांच्या जाहिरातीतली कमल शेडगे यांनी काढलेली नावं. नाव वाचायच्या आधीच नाटकाची जात कळायची.

शेडगे यांचं नाव घेतल्यावर मी नाही कसं म्हणू? वर्तमानपत्राच्या त्या बोटभर जाहिरातींवरच तर मी वाढले. पण तिथे अक्षराला अभिनय करायचा असतो. शेजारी दहा नाटकं लागलेली, वाचणाऱ्याने तेवढ्यात आपल्याकडे बघितलं पाहिजे. इथे शेजारी पिठाची गिरणी आहे. ही पाटी तेच लोक रोज चार वेळा बघणार, कदाचित पुढची साठ वर्षं. पहिल्या आठवड्यात पुस्तक गोड वाटेल, दुसऱ्या महिन्यात दिसेनासं होईल आणि दहा वर्षांनी लाज आणेल. रोज भेटणाऱ्याने तोच विनोद रोज करू नये. असं म्हटल्यावर एक काकू खुदकन हसल्या. त्यांचे यजमान तेव्हा बोलत होते. पुस्तक रद्द.

६ मे

काकांनी वाचनालयातून मर्ढेकर दिले. कपाट तीन, वाळवी लागून वाचलेली प्रत. कॉलेजात मर्ढेकर कवितेपुरते माहीत, सौंदर्यशास्त्र परीक्षेला सोडलं होतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कलाकृतीतले घटक एकमेकांशी लयीने बांधलेले असतात आणि ही लय तीन प्रकारची: संवाद, विरोध, समतोल. वाचता वाचता पेन्सिल हातात आली. सहा दंड हा संवाद. मध्येच दंड नसलेला 'ल' हा विरोध. अर्ध्या इंचाने आत गेलेला काना हा समतोल. बसलं! इतकं चपखल बसलं की शंका यायला लागली. कोणत्याही चांगल्या पाटीला हे तीन शब्द लावता येतील, आणि त्या फ्लेक्सलाही थोडं ओढूनताणून. लय आहे हे नंतर सांगायला मर्ढेकर फार उपयोगी आहेत. खडू हातात असताना 'आत घे' असं कोण सांगतं, तिथे पुन्हा मी आणि माझं खटकणं.

पण एक फायदा झाला. खटकतं तेव्हा तीनपैकी काय बिघडलंय असं विचारता येतं. डॉक्टरने 'दुखतंय' ऐकून 'कुठे' म्हणावं तसं.

संध्याकाळी धुळीचं वादळ आणि पाऊस. ६ मेला! गच्चीवर वाळत ठेवलेला पत्रा धावत जाऊन आणला, तरी प्रायमरवर थेंबांचे डाग पडलेच. उद्या सगळं पॉलिश पेपरने घासून पुन्हा रेड ऑक्साइडचा हात.

११ मे, रविवार

पत्र्यावर बाटली हिरव्याचे दोन हात झाले. अक्षरांना हस्तिदंती. गडद जमिनीवर फिकट अक्षर फुगल्यासारखं दिसतं, म्हणून जुन्या पाटीतला सव्वादोनचा दंड मी दोनवर आणलाय आणि शिरोरेषा पावणेदोनवर.

कागद टोचून त्यावरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी आपटली, अक्षर ठिपक्यांत उतरलं. मग पत्रा उलटा केला, शिरोरेषा खाली. हे मामांनी शिकवलेलं. उलटं केलं की शब्द वाचता येत नाही, त्यामुळे नुसते आकार दिसतात आणि लबाडी पकडली जाते. 'च'चं पोट थोडं जड निघालं.

तेवढ्यात काका आले. उलटी पाटी बघून दचकले. काय करतेय ते सांगितल्यावर खुर्ची ओढून बसले, आणि त्यांच्यातला मास्तर जागा झाला.

त्यांचं म्हणणं, उलटी केल्यावर ही पाटी सुंदर आहे की नाही हा प्रश्नच वेगळा होतो. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९०मध्ये दोन सौंदर्यं वेगळी काढली होती. एक मोकळं, ज्यात वस्तू काय आहे हे विचारायचं कारण पडत नाही: फुलं, भिंतीच्या कागदावरची वेलबुट्टी, शब्दांवाचूनचं संगीत. दुसरं, वस्तू कशासाठी आहे ते धरून असलेलं: घोडा, इमारत. "तू उलटी करतेस तेव्हा ती वेलबुट्टी होते. मला वेलबुट्टी नको, वाचनालय पाहिजे."

मी म्हटलं, पण वेलबुट्टी म्हणून जी खटकते ती सुलटी केल्यावरही खटकणारच ना.

"आणि वेलबुट्टी म्हणून उत्तम, पण वाचताच येत नाही, अशी?"

तशाही पाट्या मी केल्यात. एका कॅफेची तर गाजली होती.

मग ते पाटणकरांकडे वळले. रा. भा. पाटणकर मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. १९७४च्या 'सौंदर्यमीमांसे'त त्यांनी कलेच्या विचाराचे दोन ध्रुव दाखवले. एकीकडे कला स्वायत्त, तिचे नियम तिच्यापुरते. दुसरीकडे ती आपल्या जगण्याशी, अर्थाशी बांधलेली. कोणताही एक पकडून सगळी कला समजावता येत नाही. काकांनी हे बोलताना हवेत दोन बोटं धरली होती आणि मध्ये माझी पाटी होती.

मी पत्रा सुलटा केला. 'च' सुलटाही जडच दिसला, पण वाचताना तेवढा खुपला नाही. पोट दोन सूत कमी केलं. काका म्हणाले, "मला फरक कळला नाही." नसेलच कळला.

१४ ते २४ मे

रोजचं रोज लिहायला जमलं नाही.

शिरोरेषा एका दमात मारली, सहा फूट. टेकू काठीवर मनगट ठेवून, श्वास धरून, मध्ये ब्रश उचलायचा नाही. या वयातही पोटात गोळा येतो. पहिला हात १४ला, दुसरा १७ला. अक्षरांच्या कडा बारीक ब्रशने. हवा दमट, रंग वाळायला दुप्पट वेळ घेतोय आणि चकाकी मारली जातेय. टर्पेंटाइन कमी केलं.

खर्च आतापर्यंत ४,२५० रुपये, त्यात नागदेवीहून आणलेले पितळी स्क्रू. काकांना स्टीलचे चालले असते. स्क्रूचं डोकं हस्तिदंती रंगाच्या जवळचं पाहिजे हे मी त्यांना सांगितलेलं नाही, बिलात नुसतं 'स्क्रू' लिहिलंय.

'ल' सगळ्यात शेवटी केला. त्याच्या उजव्या पाकळीला वळण घेताना ब्रश आपोआप थोडा फिरतो आणि रेघ बारीक होत जाऊन पुन्हा भरते. ते बोटांना कळतं, डोळ्याला नंतर. साधारण दोन सेकंदांचं काम. महिनाभराच्या या उस्तवारीत मला 'सुंदर' म्हणावंसं वाटलं ते तेवढंच, आणि ते पाटीवर दिसत नाही, कारण पाटीवर ते वळण झालेलं असतं.

२६ मे, सोमवार

मान्सून आला. जाहीर झालं. सोळा दिवस आधी. मुंबईत इतक्या लवकर तो कधी नोंदलाच गेला नव्हता म्हणतात. माझे जास्तीचे दहा दिवस वाहून गेले, शहराचंही बरंच काही.

शेवटचा हात रविवारी रात्री दिला होता. गच्चीच्या खोलीत, ताडपत्री बांधून. पहाटे ताडपत्रीला पोट आलं, दोरी सुटली आणि पाणी थेट 'य'वर. ओला रंग दंडावरून ओघळला, हिरव्या जमिनीवर दोन हस्तिदंती शेपट्या.

खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो १९६३च्या माणसाचा. राहू दिलं तर? पावसाने सही केलीय, वगैरे. असली वाक्यं सुचायला लागली की समजावं, आपण दमलोय. रसवाल्याच्या जागेवरून बघायचीसुद्धा गरज नव्हती. ओघळ होता. घाण दिसत होता. त्याचा काना आत गेला तेव्हा त्याने शब्द सांभाळला होता. या ओघळाला शब्दाशी काही देणंघेणं नाही.

फडक्याने पुसलं, वाळू दिलं, 'य' पूर्ण खरवडून जमिनीपासून पुन्हा. यात चार दिवस जाणार. काकांना फोन केला तर म्हणाले, "पावसाआधी म्हटलं होतं मी, पण पावसानेही सांगून यायला पाहिजे होतं."

८ जून, रविवार

पाऊस येऊन आठवड्यापूर्वी गायब झालाय. ती फट साधून पाटी चढवली. तीच तीन पोरं, तीच शिडी, ओळंबा माझा.

वर गेल्यावर एक गोष्ट चुकली हे कळलं. खालून मान वर करून बघताना अक्षरं थोडी बुटकी दिसतात. कागद भिंतीला लावला होता तो छातीच्या उंचीवर, पाटी आहे साडेदहा फुटांवर. पाटीची खालची कड भिंतीत गेली आणि वरची दीड इंच पुढे आली तर सुधारेल. सुताराला सांगून वर दोन पाचरी मारल्या. सुधारलं. पूर्ण नाही.

रसवाल्याच्या मागे उभी राहिले. आता तो काही बोलत नाही, उलट अर्धा ग्लास देतो. 'वा'चा काना सव्वापाच, 'ना'चा पावणेपाच. दिसत काहीच नाही. 'वाचनालय' असं दिसतं.

नमुनावाले गृहस्थ म्हणाले, छान झाली, पण जुन्यासारखीच झाली. काका म्हणाले, चांगली झाली. सुंदर म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून ओरडल्या की पाटीमागे कबुतरांना जागा ठेवलीय का. पाचरींमुळे वरच्या बाजूने दीड इंच आहे. पुरणार नाही, पण ती प्रयत्न करतील.

राहिलेलं:

केबलची वायर नेमकी शिरोरेषेवरून गेलीय, 'च'पासून 'ल'पर्यंत. केबलवाला मंगळवारी येतो म्हणाला.

दारावरची छोटी पाटी, 'वेळ सायंकाळी ५ ते ८, सोमवारी बंद'. काका म्हणतायत ती कॉम्प्युटरवर छापून लॅमिनेट करू, उगाच खर्च कशाला. 'सायंकाळी'मध्ये उभे दंड मोजले. वेलांटी धरून सहा येतात. पैसे नकोत म्हणून कळवलंय.